‘लिटरेचर’ : एका शब्दाचे तीन अर्थ आणि १८१३ चे एक कलम

१

औषधकंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या टेबलावर जी गुळगुळीत माहितीपत्रके ठेवून जातो, त्यांना तो ‘लिटरेचर’ म्हणतो. निवडणुकीत घरोघर वाटली जाणारी पत्रके हे त्या त्या पक्षाचे ‘लिटरेचर’ असते. संशोधक आपल्या प्रबंधाच्या आरंभी पूर्वसूरींच्या ज्या लेखनाचा आढावा घेतो तेही ‘लिटरेचर’च, मग प्रबंधाचा विषय उसाला द्यावयाच्या खतांचा का असेना. आणि विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात हाच शब्द उच्चारला जातो तेव्हा कविता, नाटक, कादंबरी आणि त्यांच्या आसपासचे काही निवडक गद्य एवढेच त्याच्या कक्षेत येते. हे सारे उपयोग एकमेकांच्या शेजारी नांदतात आणि संदर्भ स्पष्ट असल्यामुळे सहसा कोणाचा घोटाळा होत नाही. आपण मनाशी एवढेच धरून चालतो की यांतील शेवटचा अर्थ मूळचा आणि खरा. बाकीचे अर्थ म्हणजे व्यवहारात झिजून सैल झालेली त्याची रूपे.

शब्दाचा इतिहास या समजुतीला आधार देत नाही. ज्याला आपण खरा अर्थ म्हणतो तो इंग्रजीत पुष्कळ उशिरा स्थिरावला. रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्स’ (१९७६) आणि ‘मार्क्सिझम अँड लिटरेचर’ (१९७७) या ग्रंथांत हा प्रवास उलगडून दाखवला आहे. दुसरीकडे, इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाचा आणि भारतातील वसाहतिक सत्तेचा संबंध गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) मध्ये तपासला. या दोन चर्चा एकत्र वाचल्या की एक प्रश्न पुढे येतो, आणि प्रस्तुत निबंध त्या प्रश्नापुरताच मर्यादित आहे. ‘लिटरेचर’ हा शब्द अर्थांतराच्या ऐन मध्यावर असताना तो हिंदुस्थानविषयक एका कायद्यात लिहिला गेला आणि बावीस वर्षांनी त्याच शब्दाच्या अर्थावरून येथील शिक्षणाचे धोरण ठरले. अर्थाच्या त्या अस्थिरतेने या निर्णयात नेमके कोणते काम केले? आणि आपण ‘साहित्य’ व ‘वाङ्मय’ हे शब्द वापरतो तेव्हा त्या कामाचा किती भाग नकळत पुढे चालवतो?

२

लॅटिनमध्ये ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून झालेला ‘लिट्टेरातुरा’ हा शब्द ग्रीकांच्या व्याकरणविद्येला लॅटिन प्रतिशब्द म्हणून योजिला गेला, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने केली आहे. म्हणजे अक्षरज्ञान, लेखनवाचन आणि त्यावर उभी राहणारी विद्या असा त्याचा मूळ रोख होता. फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो याच अर्थाने. ‘लिटरेचर’ ही ग्रंथांची रास नव्हती. ग्रंथांच्या परिशीलनाने माणसाच्या अंगी बाणलेली ती विद्वत्ता होती. एखाद्याजवळ ती असे, दुसऱ्याजवळ नसे. फ्रान्सिस बेकनने १६०५ मध्ये आपला विद्यावृद्धीवरील ग्रंथ पहिल्या जेम्स राजाला अर्पण करताना, ऐहिक आणि पारमार्थिक अशा सर्व ‘लिटरेचर’मध्ये राजाची गती असल्याची स्तुती केली, ती या अर्थाने. राजा काव्यरसिक आहे असे बेकनला म्हणावयाचे नव्हते; तो बहुश्रुत आहे असे म्हणावयाचे होते.

या अर्थाची सामाजिक बाजू त्याच्या नकारात्मक रूपातून अधिक स्पष्ट होते. ‘इल्लिटरेट’ म्हणजे आज आपण निरक्षर समजतो. परंतु लॉर्ड चेस्टरफील्डने १७४८ मध्ये नोंदविले आहे की रूढ वापरात हा शब्द ग्रीक आणि लॅटिन न येणाऱ्या माणसाला लावला जातो. इंग्रजी उत्तम लिहिणारा, वाचणारा गृहस्थही या हिशेबाने ‘इल्लिटरेट’ ठरू शकत होता. ‘लिटरेचर’ असणे म्हणजे अभिजात भाषांची विद्या असणे, आणि ती विद्या मिळण्याजोगी स्थिती असणे.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘लिटरेचर’चा अर्थ विद्या, अक्षरविद्येतील नैपुण्य असाच दिला आहे. मात्र त्याच जॉन्सनने १७७९ ते १७८१ या काळात प्रसिद्ध केलेल्या कविचरित्रांत शब्द दोन दिशांनी ओढला गेलेला दिसतो. मिल्टनच्या वडिलांविषयी लिहिताना तो म्हणतो की त्यांच्याजवळ सामान्यांहून अधिक ‘लिटरेचर’ असावे, कारण मुलाने त्यांना उद्देशून एक परिश्रमपूर्वक रचलेली लॅटिन कविता लिहिली. हा जुना अर्थ. परंतु कौलीच्या चरित्रात थॉमस स्प्रॅट या लेखकाचे स्थान तो ‘लिटरेचर’च्या श्रेणीत वर असल्याचे सांगतो, तेव्हा शब्द व्यक्तीच्या अंगच्या गुणाकडून लेखनाच्या क्षेत्राकडे, लेखकांच्या व्यवसायाकडे सरकलेला असतो. ही चरित्रे लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी आपल्या कविसंग्रहासाठी जॉन्सनकडून लिहवून घेतली होती, हा तपशील येथे महत्त्वाचा आहे. छापखाना, ग्रंथविक्रेता, १७१० च्या कायद्याने मान्य झालेला लेखनहक्क आणि विकत घेऊन वाचणारा वाचक यांनी मिळून लेखन ही एक दृश्य, मोजता येणारी वस्तू केली होती. जे पूर्वी वाचकाच्या अंगी असे ते आता कपाटात मावू लागले.

तिसरी पायरी म्हणजे एका देशाच्या किंवा काळाच्या समग्र ग्रंथसंपदेला हे नाव मिळणे. ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्या आवृत्तीने या अर्थाचे उदाहरण म्हणून हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या १८१२ मधील ग्रंथातले वाक्य दिले आणि हा अर्थ इंग्रजीत व फ्रेंचमध्येही अलीकडचा असल्याची पुस्ती जोडली. फ्रान्समध्ये मादाम द स्ताल हिने १८०० साली साहित्य आणि सामाजिक संस्था यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला, तेव्हा तत्त्वचिंतनात्मक लेखन आणि कल्पनेच्या कृती हे दोन्ही तिने ‘लितेरात्यूर’मध्ये धरले, वगळली ती भौतिक शास्त्रे. कल्पनानिर्मित लेखनासाठी या सबंध काळात इंग्रजीत वेगळा शब्द होता आणि तो ‘पोएट्री’ हा होता. टॉमस वॉर्टनने १७७४ पासून जो इतिहास प्रसिद्ध करावयास घेतला तो इंग्लिश ‘पोएट्री’चा, ‘लिटरेचर’चा नव्हे.

तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या शब्दाची स्थिती अशी होती : विद्वत्ता हा जुना अर्थ जिवंत होता, ग्रंथांची राष्ट्रीय संपदा हा अर्थ नुकता रुजत होता, आणि कल्पनाप्रधान लेखन हा संकोचित अर्थ अद्याप पुरता प्रस्थापित व्हावयाचा होता. याच सुमारास ब्रिटिश पार्लमेंटने हा शब्द हिंदुस्थानच्या कायद्यात घातला.

३

ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करणाऱ्या १८१३ च्या कायद्यातील त्रेचाळिसावे कलम प्रसिद्ध आहे. दरवर्षी किमान एक लाख रुपये बाजूला काढून ते तीन गोष्टींसाठी खर्चावेत असे त्यात म्हटले होते : ‘लिटरेचर’चे पुनरुज्जीवन व सुधारणा, हिंदुस्थानातील विद्वान एतद्देशीयांना उत्तेजन, आणि ब्रिटिश मुलखातील रहिवाशांत शास्त्रांच्या ज्ञानाचा प्रवेश व प्रसार. कोणते ‘लिटरेचर’, कोणत्या भाषेतील, याचा उल्लेख कलमात नाही.

तत्कालीन वाचकाला बहुधा तो आवश्यकही वाटला नसावा. गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याने मार्च १८११ मधील टिपणात हिंदुस्थानातील शास्त्रे आणि ‘लिटरेचर’ यांचा उत्तरोत्तर ऱ्हास होत असल्याची खंत व्यक्त केली होती आणि विद्वानांची संख्या घटत असल्याचे म्हटले होते. कलमातील ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द या ऱ्हासाच्या भाषेशी जुळणारा आहे. जे क्षीण झाले आहे त्यालाच पुन्हा जीवन द्यावयाचे असते. कंपनीच्या संचालकांनी जून १८१४ मध्ये या कलमाविषयी कलकत्त्यास पाठविलेल्या खलित्यात संस्कृतातील नीतिग्रंथ व धर्मशास्त्र, वनस्पतींचे औषधी गुण सांगणारे ग्रंथ, ज्योतिष, भूमिती आणि बीजगणित यांचा निर्देश केला. काव्यनाटकांचा रसास्वाद हा त्यांच्या आस्थेचा विषय नव्हता. ‘लिटरेचर’ म्हणजे पंडितांजवळची विद्या, असाच अर्थ हे लिहिताना गृहीत होता, आणि तो जॉन्सनच्या कोशाला धरून होता.

या विद्येविषयी आस्था बाळगणारे सारेच तिच्या रक्षणाच्या बाजूचे होते असे नाही. कलकत्त्यात १८२३ मध्ये लोकशिक्षण समिती स्थापन झाली आणि संस्कृत पाठशाळेचा बेत पुढे आला, तेव्हा राममोहन रॉय यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड अॅम्हर्स्ट यास पत्र लिहून त्यास विरोध केला. व्याकरणाच्या बारकाव्यांत तरुणांची वर्षे घालविण्याऐवजी गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि शारीरशास्त्र शिकवावे, अशी त्यांची मागणी होती, आणि तिच्या पुष्ट्यर्थ त्यांनी बेकनपूर्व युरोपचा दाखला दिला. राममोहन येथे इंग्रजी काव्य मागत नाहीत. ते उपयुक्त ज्ञान मागतात. पुढे जे मिळाले ते या मागणीशी कितपत जुळले, हे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

४

लोकशिक्षण समितीत प्राच्यविद्यावादी आणि इंग्रजीवादी असे दोन तट पडले आणि वाद कायद्याच्या अर्थापर्यंत जाऊन पोहोचला. प्राच्यविद्यावाद्यांचा युक्तिवाद असा की पार्लमेंटने पुनरुज्जीवनाची भाषा वापरली आहे. इंग्रजी ‘लिटरेचर’ या देशात कधी नव्हतेच, तेव्हा त्याचे पुनरुज्जीवन कसे होणार? तसेच ‘विद्वान एतद्देशीय’ म्हणजे आपल्या विद्येत पारंगत असलेले पंडित आणि मौलवी. टॉमस मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात या युक्तिवादाला उत्तर दिले. हे टिपण त्यातील उद्दाम शेऱ्यांसाठी वारंवार उद्धृत होते. परंतु त्याची खरी करामत शब्दार्थाच्या हाताळणीत आहे, आणि तिकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

टिपणाच्या आरंभी मेकॉले कायद्याच्या अर्थाचा प्रश्न घेतो. ‘लिटरेचर’ म्हणजे केवळ अरबी व संस्कृत असे पार्लमेंटला म्हणावयाचे होते, आणि मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान व न्यूटनचे पदार्थविज्ञान जाणणाऱ्या एतद्देशीयाला ‘विद्वान’ ही पदवी पार्लमेंटने दिली नसती, हे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला हास्यास्पद वाटते. येथे न्यूटन आणि लॉक मिल्टनच्या पंक्तीला बसले आहेत हे पाहण्यासारखे आहे. म्हणजे मेकॉले येथे शब्दाचा जुना, विद्वत्ता हा अर्थ घेतो. विद्या ही कोणत्याही एका भाषेची मिरास नसल्यामुळे या अर्थाने इंग्रजीला कलमात प्रवेश मिळतो. पुनरुज्जीवनाची अडचण तो इजिप्तच्या पाशाचा दृष्टांत देऊन बाजूस सारतो : एके काळी ज्ञानात अग्रेसर असलेल्या आणि आता मागे पडलेल्या देशात पाशाने ‘लिटरेचर’च्या पुनरुज्जीवनासाठी पैसे ठेवले, तर मुलांनी चित्रलिपी आणि ओसायरिसच्या कथा अभ्यासाव्यात असे त्याला म्हणावयाचे आहे, असे कोण समजेल? पुनरुज्जीवन येथे ग्रंथांचे राहत नाही, देशाच्या विद्यावैभवाचे होते. आणि वैभव परक्या ग्रंथांनीही परत आणता येते.

इंग्रजीला दार उघडून झाल्यावर मेकॉले शब्दाचा दुसरा अर्थ हाती घेतो. उत्तम युरोपीय ग्रंथालयातील एका फळीची बरोबरी हिंदुस्थान व अरबस्तानच्या सगळ्या ‘लिटरेचर’ला करता येणार नाही, हा त्याचा कुप्रसिद्ध शेरा येतो तो येथे. विद्वत्ता फळीवर ठेवता येत नाही. ठेवता येतात ते ग्रंथ. तेव्हा ‘लिटरेचर’ आता एका राष्ट्राची ग्रंथसंपदा झाले आहे, आणि एकदा ते तसे झाले की दोन राष्ट्रांच्या संपदा ताजव्यात घालता येतात. या मोजमापात वैद्यक, ज्योतिष, भूगोल, इतिहास यांना समाविष्ट करून मेकॉले भारतीय ग्रंथांची टवाळी करतो. हे विषय ‘लिटरेचर’मध्ये धरल्यावाचून त्याची तुलना उभीच राहत नाही.

आणि तिसरा अर्थही या टिपणात डोकावतो. पौर्वात्य लेखक ज्या प्रांतात सर्वांत वरचढ आहेत तो काव्याचा, असे सांगून मेकॉले युरोपच्या काव्याची थोरवी गातोच. परंतु कल्पनेच्या कृतींकडून आपण तथ्ये नोंदविणाऱ्या व सामान्य तत्त्वे शोधणाऱ्या ग्रंथांकडे वळलो की युरोपचे श्रेष्ठत्व अपरिमित होते, असा त्याचा दावा आहे. कल्पना आणि तथ्य यांच्यामधली ही रेघ पुढे ‘लिटरेचर’ या शब्दाच्याच आरपार ओढली जाणार होती.

हेन्री प्रिन्सेपने त्याच महिन्यात टिपणाला सविस्तर हरकत घेतली, पण तिचा उपयोग झाला नाही. लॉर्ड बेंटिंकच्या ७ मार्च १८३५ च्या ठरावाने युरोपीय ‘लिटरेचर’ व शास्त्रे यांचा एतद्देशीयांत प्रसार हे सरकारचे मुख्य उद्दिष्ट ठरले. १८१३ च्या कलमात या शब्दाला विशेषण नव्हते. १८३५ मध्ये ‘युरोपीय’ हे विशेषण लागले. एका शब्दाच्या दोन अर्थांत पाय ठेवून, एका अर्थाने आत शिरायचे आणि दुसऱ्या अर्थाने दुसऱ्याला बाहेर काढायचे, असा हा युक्तिवाद होता. त्याने जाणूनबुजून फसवणूक केली असे म्हणण्याचे कारण नाही. शब्दच तेव्हा दुहेरी होता, आणि सत्तेला त्यातून हवा तो अर्थ हवा त्या ठिकाणी घेता आला.

या वादात आणखी एक मूक बाजू होती. हिंदुस्थानच्या त्या भागात लोक ज्या बोली बोलतात त्यांत ना वाङ्मयीन माहिती आहे ना शास्त्रीय, याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत आहे, असे मेकॉले नोंदवितो. त्याच्यासमोर बंगाल होता, मुंबई इलाखा नव्हे. मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतून शिक्षण देण्याला वजन होते. तरीही ‘लिटरेचर’ची जी व्याख्या या वादातून मान्य झाली तिच्यात लोकभाषेला जागा नव्हती. अठराव्या शतकातील इंग्रज गृहस्थाला केवळ इंग्रजी येत असल्यामुळे ‘इल्लिटरेट’ म्हणता येत होते. तीच कसोटी आता बंगालीला लागली, फक्त ग्रीक-लॅटिनच्या जागी इंग्रजी बसली.

५

ठरावात आश्वासन होते ते न्यूटन-लॉकसह मिल्टनचे. ‘लिटरेचर’ या शब्दाचा जसजसा संकोच होत गेला, तसतसा त्यातला मिल्टन तेवढा उरला. टॉमस डी क्विन्सीने १८२३ मध्येच ज्ञान देणारे लेखन आणि शक्ती देणारे लेखन असा भेद करून खरे ‘लिटरेचर’ दुसऱ्या प्रकारचे, असे सुचविले होते. १८४८ मध्ये त्याने तो विचार अधिक विस्ताराने मांडला. राममोहन ज्या वर्षी पदार्थविज्ञान मागत होते, त्याच वर्षी इंग्लंडात ज्ञानाला ‘लिटरेचर’च्या बाहेरचा रस्ता दाखविणारा विचार छापला जात होता, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजसाठी डी. एल. रिचर्डसनने १८४० मध्ये ब्रिटिश कवींचे जाडजूड निवडक संकलन सिद्ध केले.

इंग्लंडात इंग्रजीच्या अध्यापनाला संस्थारूप येण्याचा काळही यानंतरचा किंवा याच्या आसपासचा आहे. लंडनमध्ये नव्याने स्थापन झालेल्या विद्यापीठात १८२८ मध्ये इंग्रजी भाषा व ‘लिटरेचर’चे प्राध्यापकपद आले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र परीक्षाविषय १८९४ मध्ये, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच हिंदुस्थानच्या सनदी सेवेसाठी मेकॉलेच्याच अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये जी स्पर्धापरीक्षा आखली, तिच्या एकूण ६,८७५ गुणांपैकी १,५०० गुण इंग्रजी भाषा, लेखन, ‘लिटरेचर’ आणि इतिहास यांना होते; ग्रीक व लॅटिनला प्रत्येकी ७५०, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करावयाचे त्याच्या भाषांना मिळून इंग्रजीच्या निम्मे.

तरीही जुना अर्थ पुरता मेला नव्हता. १८८२ मध्ये मॅथ्यू आर्नल्डने केंब्रिज येथील व्याख्यानात हक्सलेच्या विज्ञानवादी शिक्षणविचाराला उत्तर देताना बजावले की ‘लिटरेचर’ हा मोठा शब्द आहे. अक्षरांनी लिहिलेले सारे काही त्यात येते आणि या अर्थाने युक्लिड व न्यूटन यांचे ग्रंथही ‘लिटरेचर’च. हे सांगण्याची गरज पडावी यातच संकुचित अर्थ जिंकल्याची कबुली आहे. औषधाचे माहितीपत्रक आणि निवडणुकीचे पत्रक ‘लिटरेचर’ होण्याचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तो शिष्टांना खटकला. पण अक्षराशी असलेले मूळ नाते, कितीही ओबडधोबडपणे का होईना, त्यानेच जपले.

६

मराठीत या शब्दासाठी दोन प्रतिशब्द रूढ झाले, आणि दोघांचाही स्वतःचा दीर्घ इतिहास आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त वाङ्मयाचे भाषेनुसार संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश व मिश्र असे भाग केले. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसे’त वाङ्मय शास्त्र आणि काव्य असे द्विविध असल्याचे सांगितले आणि शब्दार्थांच्या सहभावाचा विचार करणारी साहित्यविद्या ही पाचवी विद्या मानली. म्हणजे इंग्रजीत ज्या दोन अर्थांना एकाच शब्दात दाटीने राहावे लागले, त्यांच्यासाठी आपल्या परंपरेत दोन स्वतंत्र नावे उपलब्ध होती : व्यापक ते वाङ्मय, काव्यविशिष्ट ते साहित्य. आणखी एक भेद आहे. ‘लिटरेचर’च्या मुळाशी अक्षर आहे, वाङ्मयाच्या मुळाशी वाणी. त्यामुळे ‘ओरल लिटरेचर’ हा शब्दप्रयोग वॉल्टर ऑंग यांना १९८२ मध्ये विचित्र आणि घातक वाटला. ‘मौखिक वाङ्मय’ म्हणताना मात्र मराठी जिभेला कोठेच अडखळावे लागत नाही. जात्यावरची ओवी वाङ्मय होण्यासाठी आधी लिहिली जावी लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातील मराठी विचारात जुना व्यापक अर्थ आणि नवा संकुचित अर्थ यांचा संघर्ष इंग्रजीच्या पाठोपाठ दिसतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ (१८४०) शास्त्रीय ज्ञानाला वाहिलेले होते. जॉन्सनचे चाहते आणि मेकॉलेच्या शैलीचे अभ्यासक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’त ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ अशी जोडी लावून त्या दोन शक्तींचा भेद चर्चिला. न्या. रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात भरले ते ‘ग्रंथकार’ संमेलन होते. ग्रंथ कोणत्याही विषयाचा असू शकतो. १९०६ मध्ये स्थापन झाली ती मात्र ‘साहित्य’ परिषद. या दोन नावांमधल्या अठ्ठावीस वर्षांत काय बदलले, हा मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

या नामांतराचे परिणाम कोणाला भोगावे लागले, ते महात्मा फुले यांच्या उदाहरणावरून दिसते. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याची सोय झाली. ‘विद्वान एतद्देशीयांना उत्तेजन’ याचे हे मुंबई इलाख्यातील रूप होते. फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या बक्षीस समितीकडे गेले आणि नाकारले गेले. ते छापून प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी अव्हेरले, कारण शूद्रातिशूद्रांचे हित ज्यांच्या विचारातच नाही अशांच्या ग्रंथकारीत आपले स्थान त्यांना दिसत नव्हते. म्हणजे ‘ग्रंथकार’ हा व्यापक शब्दही सर्वांना सामावून घेत नव्हताच. नंतर ‘साहित्य’ या शब्दाने ललितत्वाची आणखी एक चाळणी लावली आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ किंवा ‘गुलामगिरी’ यांसारखी पुस्तके समाजसुधारणेच्या कप्प्यात गेली. त्यांचे गद्य, त्यातील उपहास, त्यातील बोलभाषेचा ठसका हा शैलीचा विषय म्हणून वाङ्मयेतिहासात फार उशिरा तपासला गेला. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांच्या लेखनाचा खंड काढला तो ‘समग्र वाङ्मय’ या नावाने. प्रकाशकाच्या नावात ‘साहित्य’ आणि ग्रंथाच्या नावात ‘वाङ्मय’, हे मला केवळ शब्दवैविध्य वाटत नाही. ‘समग्र साहित्य’ म्हणताना जो किंचित संकोच वाटला असता, तो ‘वाङ्मय’ या शब्दाने दूर केला.

७

आज आपण हे दोन्ही शब्द जवळपास समानार्थी म्हणून वापरतो. तरीही ‘ललित साहित्य’, ‘वैचारिक साहित्य’, ‘संतसाहित्य’, ‘दलित साहित्य’, ‘लोकसाहित्य’, एवढेच काय ‘प्रचारसाहित्य’ असे म्हणताना आपल्याला विशेषणाचा आधार घ्यावा लागतो. विशेषण लावावे लागते याचा अर्थ नाम अजून पुरते संकुचित झालेले नाही. आणि विशेषणाशिवाय नुसते ‘साहित्य’ म्हटले की ज्याचे चित्र डोळ्यांसमोर येते, त्याने मध्यवर्ती जागा व्यापलेली आहे. बाकीच्यांना ती जागा विशेषणाच्या रांगेत उभे राहून मिळते. १८३५ च्या ठरावात ‘युरोपीय’ हे विशेषण लागले तेव्हा निदान कोणाचा पक्ष घेतला जात आहे हे उघड होते. आपल्या विशेषणहीन ‘साहित्या’त तो पक्ष दिसत नाही एवढेच.

यातून मेकॉलेच्या टिपणाविषयीच्या आपल्या रूढ आकलनातही दुरुस्ती करावी लागेल. तो वाद ‘इंग्रजी साहित्य विरुद्ध संस्कृत साहित्य’ असा होता, असे मराठीत सांगितले की आपण आजचा संकुचित अर्थ १८३५ वर लादतो. मग कालिदास श्रेष्ठ की शेक्सपिअर, असा निष्फळ खटला उभा राहतो आणि त्यात अस्मितेची बाजू घेऊन आपण समाधान मानतो. खटला तो नव्हता. कोणती विद्या ही विद्या मानावी, ती जाणणाऱ्याला विद्वान म्हणावे की नाही, आणि त्यासाठी राखलेला पैसा कोणाच्या हाती जावा, हा प्रश्न होता. तो ‘लिटरेचर’ या शब्दात दडला होता. ‘विद्वान एतद्देशीय’ कोण, याचे उत्तर कलकत्त्याच्या पंडितांनी आपल्या सोयीने दिले, मेकॉलेने त्याच्या सोयीने दिले, आणि पुण्याच्या बक्षीस समितीने ‘तृतीय रत्न’ परत करताना आपल्या सोयीने दिले.

अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीच्या बैठकीत एखादे पुस्तक ‘साहित्य’ आहे की नाही, यावर आजही चर्चा होते आणि बहुधा आस्वादाच्या परिभाषेत होते. तेथे राजशेखराचा जुना शब्द पुन्हा हाताशी घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. वाङ्मय म्हणजे शास्त्र आणि काव्य, आणि त्याच्या मुळाशी आहे ती वाणी, लिपी नव्हे. या शब्दाने मूल्यमापनाचे कष्ट वाचणार नाहीत. पण मूल्यमापनाआधीच काही लेखन दाराबाहेर राहते, ते कशामुळे राहते याची चौकशी करणे त्याने भाग पडेल.